पांढऱ्या शर्टाची पिवळी काख

काखेतल्या घामाचे डाग हा या वेळचा विषय. वाचकांच्या पत्रांत तीच तीन-चार कोडी पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तरं दिली आहेत.

नवरा रोज पनवेलहून लोकलने फोर्टला जातो. पांढरे सुती शर्ट सहा महिन्यांत काखेत पिवळे आणि पुठ्ठ्यासारखे कडक होतात. पाठीवरही तेवढाच घाम येतो, पण तिथे डाग नाही. असं का?

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. पाठीवरचा घाम म्हणजे जवळजवळ नुसतं खारट पाणी. ते वाळलं तर पांढरी रेघ उमटते आणि पहिल्याच पाण्यात निघून जाते. काखेत असा घाम सोडणाऱ्या ग्रंथींच्या जोडीला दुसऱ्या ग्रंथीही असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिनं आणि चरबी असते. तोही बाहेर येतो तेव्हा पिवळा नसतो. पण कापडात राहिला, त्यावर इस्त्री फिरली, पुन्हा घाम आला, पुन्हा इस्त्री फिरली की थरावर थर बसून पिवळेपणा येतो.

कडकपणा मात्र बहुतेक वेळा घामाचा नसतो, रोल-ऑनचा असतो. बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचा. अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा अ‍ॅल्युमिनियम झिर्कोनियम असं काही दिसलं तर ते घाम थांबवणारं आहे, म्हणजे अँटीपर्स्पिरंट. त्यातला क्षार घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बूच बसवतो. उरलेला शर्टाला लागतो आणि तिथल्या प्रथिनांशी, चरबीशी मिळून न विरघळणारा थर तयार करतो. साध्या साबणाने तो हलत नाही. कापड रंगवणारे तुरटी वापरतात ती रंग धाग्याला धरून राहावा म्हणून, आणि तुरटीही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. काखेत नकळत तसलंच काहीसं घडतं.

नुसतं डिओडरंट वास कमी करतं, घाम थांबवत नाही. त्यात अ‍ॅल्युमिनियम नसेल तर डाग पुष्कळ कमी पडतात. ज्यांना घाम थांबवणारंच हवं त्यांनी ते सकाळी आंघोळीनंतर घाईत लावण्याऐवजी रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या काखेला, एक-दोन हात फिरतील एवढंच लावावं. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे बूच नीट बसतं, आणि सकाळी वरचा थर आंघोळीत धुऊन गेला तरी आतला परिणाम राहतो. सकाळीच लावायचं असेल तर दोन-तीन मिनिटं वाळू द्या, मगच शर्ट घाला. ओल्यावर घातलेला शर्ट ते सगळं टिपून घेतो.

आणि शर्टाच्या आत बाह्यांचा गंजीफ्रॉक घाला. सँडोला काखेत कापडच नसतं, त्यामुळे या कामी तो उपयोगाचा नाही.

जुने, इस्त्री बसलेले पिवळे डाग घरच्या घरी काढायचे तर नेमकं काय, किती आणि कोणत्या क्रमाने? (हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांचा आहे.)

क्रमच महत्त्वाचा. डागात तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, क्षार, चरबी आणि पिवळी पडलेली प्रथिनं. एकाच पावडरीने तिन्ही निघावीत ही अपेक्षा ठेवल्यामुळेच बहुतेकांची मेहनत फुकट जाते. खालची रीत सुती आणि टेरिकॉट पांढऱ्या कपड्यांची आहे. रेशीम, लोकर किंवा रंगीत कशिदा असलेल्या कपड्यावर ती करू नका.

शर्ट उलटा करा. डाग आतून बसतो, म्हणून काम आतूनच करायचं. नळाच्या साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून पिळा. सुरुवातीलाच कढत पाणी नको, अंड्याचा पांढरा जसा उष्णतेने घट्ट होतो तशी ही प्रथिनं धाग्यात घट्ट होतात.

आता आंबट. एक लिटर कोमट पाण्यात एक पोह्याचा चमचा लिंबूसत्व विरघळवा. वाण्याकडे मिळतं तेच. फक्त काखेचा भाग त्यात पाऊण तास बुडवून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा क्षार सैल करायला आंबटच लागतं, आणि लिंबूसत्व त्याला धरून पाण्यात आणतं. लिंबूसत्व नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालेल. नुसतं लिंबू पिळून उन्हात टाकण्याची जुनी रीत चुकीची नाही, पण रस लवकर वाळतो. आंबट पाणी कापडावर वाळू देऊ नका आणि त्यावर इस्त्री तर मुळीच नको, सुताचा धागा त्याने कमजोर होतो. नंतर शर्ट दोन पाण्यातून काढा. हे टाळलंत तर उरलेलं आम्ल पुढच्या पावडरीतला सोडा मारून टाकतं.

मग चरबी. भांडी घासायच्या लिक्विडचे सात-आठ थेंब प्रत्येक काखेवर टाका आणि जुन्या मऊ टूथब्रशने धाग्याच्या उभ्या-आडव्या दिशेने घासा, गोलगोल नाही. गोल घासल्याने धाग्याला लव सुटते आणि तिथे पुढचा मळ अधिक धरतो. बोटांना बुळबुळीत, मेणासारखं लागत होतं ते कमी झालं की ही पायरी जमली. दहा मिनिटं ठेवून धुवा.

शेवटी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. डाग काढायच्या पावडरी म्हणून जे डबे मिळतात त्यांच्यापैकी बऱ्याचशांत मुख्य घटक हाच असतो, नावाऐवजी घटक पाहून घ्या. दोन लिटर उकळतं पाणी आणि चार लिटर नळाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत एकत्र केलं की ते साधारण ५० अंशांचं होतं. त्यात शुद्ध परकार्बोनेटचे चार पोह्याचे चमचे, म्हणजे अंदाजे ६० ग्रॅम, हातमोजे घालून ढवळा. विकतची मिश्र पावडर असेल तर पाकिटावरचं प्रमाण घ्या. दोन-तीन शर्ट पूर्ण बुडतील असे घाला आणि वर ताटली ठेवा म्हणजे तरंगणार नाहीत. चार ते सहा तास. पाण्याला बारीक बुडबुडे येतात तो ऑक्सिजन. गार पाण्यात हे काम जवळजवळ होत नाही, आणि रात्रभरापेक्षा जास्त ठेवून काही मिळत नाही कारण सहा-आठ तासांत पाण्यातली ताकद संपलेली असते. तयार पाणी बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटू शकते.

दोन पाण्यातून काढा, नेहमीसारखं धुवा, वाळवा. इस्त्री करू नका. दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहा. पिवळी कड दिसत असेल तर आंबटपासून सगळं पुन्हा एकदा करा. वर्षभराचा डाग दोन फेऱ्यांत जाणं हे चांगलंच यश समजा.

डाग लहान असेल तर बादलीऐवजी लेप चालतो. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन पोह्याचे चमचे, खाण्याचा सोडा एक पोह्याचा चमचा, भांड्याचं लिक्विड एक चहाचा चमचा. केमिस्टकडच्या बाटलीवर ‘६ टक्के’ किंवा ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असेल तर आधी तेवढंच पाणी मिसळा. लेप लागेल तेवढाच करा, अर्धा-पाऊण तास ठेवा, वाळायच्या आत धुवा.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढण्याची रीत बऱ्याच पत्रांत आहे. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ खारट पाणी उरतं. वापरायचे तर वेगवेगळे, मध्ये धुऊन.

डागावर ब्लीच ओतलं तर तो आधीपेक्षा गडद पिवळा झाला. बाटली खराब होती का? (सोलापूर)

बाटली चांगलीच होती. झणझणीत वासाचं स्वस्त ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यातला क्लोरीन घामाच्या प्रथिनांमधल्या नायट्रोजनशी जोडला जातो आणि जे तयार होतं ते पिवळट असतं. ‘रिंकल-फ्री’ शर्टांना सुरकुत्या पडू नयेत म्हणून जे राळेसारखं फिनिश दिलेलं असतं, तेही क्लोरीन धरून पिवळं पडतं. स्ट्रेच कापडातला लवचीक धागा तर त्याने पिवळाही होतो आणि कमजोरही, आणि तो पिवळेपणा परत जात नाही.

तुमचा शर्ट साधा सुती असेल तर चार-पाच पाण्यातून काढा, ब्लीचचा वास पूर्ण गेल्यावर वाळवा आणि दुसऱ्या दिवशी वरची रीत करा. त्याच दिवशी नाही. ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. छोट्या बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. घरात एखादीला ‘दोन्ही घाला म्हणजे जोरात निघेल’ अशी सवय असेल तर तिला हे आजच सांगा.

नीळ जास्त घातली तर डाग झाकला जाईल का? (बार्शी)

नाही, तो हिरवट-राखाडी होईल. नीळ डाग काढत नाही. पांढऱ्यात आलेली हलकी पिवळी झाक निळ्या छटेने डोळ्यांना कमी दिसते, एवढंच तिचं काम. सगळा शर्ट थोडा पिवळट असेल तेव्हा ते छान जमतं. काखेत गडद पिवळं आणि बाकी पांढरं असेल तर निळी छटा दोन्हीकडे बसते आणि फरक तसाच राहतो. डाग गेल्यावरच नीळ, आणि तीही आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून, बादलीत ढवळून, मगच कपडा. आधी कपडा आणि वरून नीळ ओतली की ठिपके पडतात.

खळीचंही तेच. डागावर खळ चढवून कडक इस्त्री केली की खळ आणि घाम एकत्र भाजतात आणि पिवळ्याचा तांबूस होतो. मग तो काढणं दुप्पट कठीण.

रोल-ऑनमुळे डाग पडतात म्हणून तुरटीचा खडा फिरवायला सुरुवात केली. नैसर्गिक असल्याने डाग पडणार नाहीत ना? (कोल्हापूर)

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं सल्फेट. वास येण्याचं कारण असलेले जंतू ती आवरते, म्हणून दुर्गंधीसाठी चांगली आहे. पण अ‍ॅल्युमिनियम त्यातही आहेच. फायदा इतकाच की तिच्यात रोल-ऑनसारखं मेण आणि तेल नसतं, त्यामुळे थर कमी साचतो आणि धुताना लवकर सुटतो. ओल्या काखेवर खडा एकदाच फिरवा, वाळू द्या. काखेत पांढरी पूड दिसत असेल तर जास्त झालं. नुकतीच दाढी केलेल्या त्वचेवर ती झोंबते.

टाल्कम पावडरबद्दलही विचारणा आहे. ती घाम थांबवत नाही. जास्त घातली की घामात कालवून तिचा लगदा होतो आणि शिवणीत जाऊन बसतो.

पैठणीवरचा मोतिया रंगाचा रेशमी ब्लाउज. पेट्रोल वॉश करून आणला तेव्हा स्वच्छ होता, कपाटात चार महिन्यांनी काखेत तपकिरी अर्धगोल उमटले. (ठाणे)

पेट्रोल वॉशमध्ये पाणी नसतं. ते तेलकट मळ काढतं, पण घामातले क्षार पाण्यात विरघळणारे, ते तिथेच राहिले आणि हळूहळू रंग धरून वर आले. पुढच्या वेळी लाँड्रीत कपडा देतानाच काखेवर बोट ठेवून ‘इथे घामाचा डाग आहे, आधी पाण्याने काढा’ असं सांगा आणि पावतीवर लिहून घ्या.

रेशमाला परकार्बोनेट, धुण्याचा सोडा, क्लोरीन आणि एन्झाइमवाली पावडर, चारही वर्ज्य. रेशीम स्वतःच प्रथिन आहे, जे घामाचं प्रथिन खातं ते त्यालाही खातं. ब्लाउजचा रंग पक्का आहे का ते आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. पक्का असेल तर गार पाण्यात रेशमाचं सौम्य लिक्विड घालून फक्त काख दहा मिनिटं ठेवा, न चोळता दाबून धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा. तपकिरी छटा थोडी राहील. रेशमाचा धागा घामाने आधीच नाजूक झालेला असतो, अजून घासलात तर डागाच्या जागी भोक पडेल.

नवा ब्लाउज शिवताना शिंप्याला सुती अस्तर आणि काखेत घामाचे पॅड सांगा. पॅड कायमचे शिवून घेण्याऐवजी चार टाक्यांनी किंवा टिचबटणांनी लावा, म्हणजे कार्यक्रमाहून आल्यावर तेवढेच काढून धुता येतात. ब्लाउज भिजत घालण्याआधी हुकांकडेही पाहा. लोखंडी हूक तासन्‌तास पाण्यात राहिले की गंजाचा डाग पडतो. कपडा सुती असला तरी लोखंडाजवळ पेरॉक्साइड किंवा परकार्बोनेट फार जोराने काम करतं आणि तिथलंच कापड जळाल्यासारखं विरतं.

मुलाला क्षयरोगाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याचे पांढरे बनियन काखेत केशरी होतात. घामातून औषध निघून जातं आहे का? गोळ्या लागू पडत नाहीत का? (नांदेड)

घाबरू नका आणि गोळी एकही चुकवू नका. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंगच तांबडा-केशरी आहे. ते घेणाऱ्याची लघवी, घाम, लाळ आणि अश्रूही केशरी होतात. याने अपाय होत नाही, उपचार संपले की रंग जातो. मुलगा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर या काळात चष्मा घालू दे, लेन्सवर बसलेला रंग निघत नाही. बनियन त्याच संध्याकाळी गार पाण्यात बुडवा, वाळू देऊ नका. राहिलेल्या छटेला परकार्बोनेट.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायची. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा कातडी पिवळी दिसली, भूक मेली, उलट्या होऊ लागल्या तर ती कावीळ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

काखेतल्या केसांना पिवळे, मेणासारखे कण चिकटलेले दिसतात आणि शर्टही तिथेच पिवळा होतो. साबणाने जात नाहीत. (रत्नागिरी)

हा कपड्याचा दोष नाही. दमट हवेत केसांवर वाढणाऱ्या एका जीवाणूचं हे काम आहे. काखेतले केस काढून टाकले की बहुधा प्रश्न मिटतो. तरी पुन्हा आलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, लावायचं साधं औषध मिळतं. तोवर रोल-ऑन बदलत बसण्यात अर्थ नाही.

मुलगी होस्टेलवर आहे. युनिफॉर्मचा पांढरा शर्ट टेरिकॉटचा. धुतलेला असतो, पण घातल्यावर अर्ध्या तासात काखेत वास येतो. बोअरचं पाणी, वॉशिंग मशीन नाही. (संभाजीनगर)

टेरिकॉटमधला पॉलिएस्टरचा धागा पाणी धरत नाही पण तेल धरून ठेवतो. धुतल्यावर जी चरबी आत उरते तिच्यावर जंतू पुन्हा वाढतात, अंगाची ऊब मिळाली की वास सुटतो. बोअरच्या जड पाण्यात कपड्याच्या साबणाची वडी वापरत असेल तर ती आधी बंद करा. साबण त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट, राखाडी साका करतो आणि तोच कापडात बसतो. डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड घ्या. ‘एन्झाइम’ असलेली मिळाली तर उत्तम, पण तिला कोमट पाणी आणि किमान अर्धा तास लागतो, दोन मिनिटं चुबकून काढण्याने एन्झाइम काहीच करत नाही.

होस्टेलवर रोज एवढंच जमलं तरी पुरे: वर्गातून आल्यावर शर्ट काढला की काखेचा भाग नळाखाली धरून भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब चोळायचे आणि तसाच बादलीत टाकायचा. ताजा घाम एका मिनिटात निघतो. शनिवारपर्यंत गोळा करून ठेवलेला शर्ट मात्र तास खातो. फॅब्रिक कंडिशनर या शर्टाला नको, तो धाग्यावर लेप चढवतो आणि वास आत कोंडतो.

वडिलांचे पाच-सहा वर्षांचे मलमलचे सदरे आहेत. काखेत पिवळे, बाकी अजून चांगले. टाकवत नाहीत. (पंढरपूर)

भिजवण्याआधी काखेचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकं ताणा. बारीक ‘चर्र’ आवाज आला किंवा धागे विरळ होऊन उजेड दिसू लागला तर कोणतंही ब्लीच नको, पहिल्याच पिळण्यात ते फाटेल. अशा सदऱ्यांच्या काखेत बहुधा वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला असतो. शिंप्याकडून तो उसवून नवा बसवून घ्या. त्याच जाडीचं मलमल घ्या आणि बसवण्याआधी ते एकदा भिजवून, वाळवून घ्या. कोरं कापड तसंच लावलं तर पहिल्या धुण्यात आटेल आणि काखेत चुणी पडेल. जुन्या सदऱ्याशेजारी ते फार शुभ्र दिसत असेल तर तुकडा बसवण्याआधी नुसता जुना सदरा एकदा नीळ घातलेल्या पाण्यातून काढा.